ऊसनोंदीचा डेटाबेस : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात रचनेचा विचार

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे दोन तालुके बऱ्याच अंतरापर्यंत भीमेच्या पात्राने एकमेकांपासून वेगळे झाले आहेत. रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठेचे पाणी भीमेस मिळते. उत्तरेस घोड नदी, तीवरील चिंचणीचे धरण व चासकमानचा कालवा आणि दक्षिणेस खडकवासल्याहून येणारा मुठेचा उजवा कालवा, अशी या प्रदेशाची जलव्यवस्था आहे. जेथे पाणी पोचले तेथे ऊस आला, आणि उसामागोमाग कारखाने आले. पाटसचा भीमा व न्हावऱ्याचा घोडगंगा ही सहकारी क्षेत्रातील दोन नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. पुढे खासगी कारखान्यांचीही त्यांत भर पडली.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र साखर नव्हे. व्यवसायाच्या उपयोगासाठी डेटाबेस कसा रचावा व कसा सांभाळावा, याचा येथे विचार करावयाचा आहे आणि त्यासाठी कारखान्याच्या शेतकी विभागातील ऊसनोंद हे उदाहरण घेतले आहे. पाठ्यपुस्तके बहुधा ग्राहक, मागणी व माल या तिहींचे उदाहरण देतात. ते सोपे आहे खरे. परंतु त्यात चूक झाली असता कोणाचे काय जाते, हे विद्यार्थ्यास जाणवत नाही. ऊसनोंदीचे तसे नाही. पक्व झालेला ऊस वेळेवर तुटला नाही तर त्याचे वजन व साखरेचा अंश दोन्ही घटू लागतात. कोणाचा ऊस आधी तोडावयाचा हे नोंदीतील लागणीच्या तारखेवरून ठरते, आणि कोणास किती पैसे द्यावयाचे हे वजनाच्या पावतीवरून ठरते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याची किंमत चुकती करावी लागते, व विलंब झाल्यास दरसाल शेकडा १५ या दराने व्याज देय होते. तेव्हा सारणीच्या एकेका घरात काय लिहिले आहे, यावर एखाद्या कुटुंबाचे सबंध वर्ष अवलंबून असते.

डेटाबेस म्हणजे संगणकात साठविलेली पुष्कळशी माहिती, अशी समजूत रूढ आहे. ती अपुरी आहे. दप्तरखान्यात रुमाल बांधून ठेवलेले कागद ही देखील पुष्कळशी माहितीच असते. निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या माणसांनी एकाच माहितीचा उपयोग करावा, तिच्यात भर घालावी, आणि तरीही तिच्यात परस्परविरोध उत्पन्न होऊ नये, अशी जेथे व्यवस्था केलेली असते तेथेच डेटाबेस हा शब्द सार्थ होतो. या व्यवस्थेला शास्त्रीय बैठक एडगर कॉड यांनी दिली. मूळचे इंग्लंडमधील व पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे हे गणितज्ञ; त्यांचा मूलभूत निबंध जून १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच्या पद्धतींत माहिती यंत्रात कोणत्या मार्गाने मांडली आहे हे प्रत्येक कार्यक्रमलेखकाला ठाऊक असावे लागे, आणि मांडणी बदलली की सगळे कार्यक्रम नव्याने लिहावे लागत. कॉड यांचे म्हणणे असे की, माहिती साध्या सारण्यांच्या रूपाने पाहावी, ओळींच्या क्रमाला काही अर्थ देऊ नये, आणि एका सारणीचा दुसरीशी असलेला संबंध त्यांतील मूल्यांवरूनच ओळखावा. पुढे १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध आकृतीने दाखविण्याची जी रीत सांगितली, तीमुळे रचनेचा विचार कागदावर करणे सुलभ झाले. या दोन कल्पना हाताशी असल्या म्हणजे पुढील विवेचनास पुरे होते.

आता ऊसनोंदीकडे वळू. हे काम संगणकावर प्रथम येते तेव्हा बहुधा एका रुंद सारणीच्या रूपाने येते. सभासदाचे नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, बँकेतील खाते, वाहनाचा क्रमांक, वजन व तारीख असे सर्व स्तंभ एकाच ओळीत मांडले जातात आणि प्रत्येक खेपेस एक नवी ओळ जोडली जाते. एका शेतातून वीस खेपा गेल्या तर बँकेचे खाते वीस वेळा लिहिले जाते. ते बदलले आणि एकोणीस ठिकाणीच दुरुस्त झाले, तर विसाव्या खेपेचे पैसे कोठे जावयाचे? याउलट ज्याचा ऊस अद्याप एकदाही वजनकाट्यावर आला नाही, त्याची नोंद या सारणीत कोठे करावयाची? आणि हंगाम संपल्यावर खेपांच्या ओळी काढून टाकल्या, तर अमुक शेतात अमुक जातीचा ऊस होता हे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. हे तिन्ही दोष वरवर निरनिराळे दिसत असले तरी त्यांचे कारण एक आहे. चार निरनिराळ्या गोष्टींविषयीची विधाने एकाच ओळीत कोंबलेली आहेत. प्रत्येक विधान ज्या गोष्टीविषयी असेल त्या गोष्टीच्याच सारणीत, आणि तेथे एकदाच, लिहावे. या प्रक्रियेस प्रसामान्यीकरण म्हणतात. तिच्या पायऱ्यांची व्याख्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल, म्हणून येथे ती देत नाही.

परंतु पाठ्यपुस्तके ज्या ठिकाणी घाईने पुढे जातात तेथेच खरी अडचण आहे. प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र सारणी करावयाची हे मान्य. पण एक गोष्ट कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते, आणि आज लिहिलेली गोष्ट व उद्या लिहिलेली गोष्ट एकच आहे हे कशावरून ओळखावयाचे? हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. तो त्या प्रदेशाची व त्या व्यवसायाची माहिती असणाऱ्यानेच सोडविला पाहिजे.

गावाचेच उदाहरण घेऊ. शिरूर तालुक्यात रांजणगाव गणपती आहे आणि रांजणगाव सांडसही आहे. निमगाव म्हाळुंगी आहे तसे निमगाव भोगीही आहे. बोलताना माणसे नुसते 'रांजणगाव' किंवा 'निमगाव' म्हणतात, आणि नोंद करणाऱ्या लेखनिकास कोणते ते ठाऊक असते, कारण समोरचा मनुष्य त्याच्या ओळखीचा असतो. सारणीला ती ओळख नसते. फार काय, 'शिरूर' हे नाव तरी एकटे कोठे आहे? बीड जिल्ह्यात शिरूर कासार व लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ हे तालुके आहेत. दौंडची गोष्ट निराळी आहे. तेथे नाव एकच, परंतु लेखन अनेक. इंग्रजी कागदपत्रांत पूर्वी ते 'धोंड' असे लिहीत. १८७८ मध्ये सुरू झालेला लोहमार्ग धोंड-मनमाड या नावानेच ओळखला जाई. पुढे 'दौंड' हे लेखन रूढ झाले. रेल्वेच्या कारभारात मात्र त्या स्थानकाची ओळख 'डीडी' या दोन अक्षरांच्या संकेताने होते, आणि नावाचे लेखन कोणी कसेही केले तरी तिकीट दुसऱ्या स्थानकाचे निघत नाही. गावांच्या बाबतीत हेच काम जनगणनेने केले आहे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. कारखान्याने आपली निराळी ग्रामसूची तयार करण्याऐवजी हा संकेतांक स्वीकारावा आणि गावाचे नाव केवळ वाचण्याच्या सोयीसाठी ठेवावे, हे श्रेयस्कर.

गट नंबराविषयीचा गैरसमज अधिक हानिकारक आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वये ज्या गावांत एकत्रीकरण झाले तेथे जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. हा नंबर गावापुरताच अनन्य असतो. भीमेच्या उत्तर तीरावरील एखाद्या गावात ११२ हा गट असेल, तर दक्षिण तीरावरील गावातही तो असू शकतो, आणि ज्या कुटुंबाची जमीन दोन्ही तीरांवर आहे त्याच्या नावावर हे दोन्ही गट असणे मुळीच अशक्य नाही. नुसता गट नंबर ओळखीसाठी वापरला तर या दोन शेतांची एकमेकांत सरमिसळ होईल. गावाचा संकेतांक व गट नंबर हे दोन्ही मिळून ओळख ठरवावी, असे यावर कोणी म्हणेल. ते बरोबर आहे, पण पुरेसे नाही. वाटप झाले, विक्री झाली, म्हणजे गटाचे पोटहिस्से पडतात. ज्या ओळखीवर गतवर्षीच्या पावत्या अवलंबून आहेत ती ओळखच बदलली, तर जुन्या पावत्या निराधार होतात.

यासाठी कारखान्याने प्रत्येक शेतास स्वतःचा, कोणताही अर्थ नसलेला एक क्रमांक द्यावा. अर्थ नसणे हाच त्या क्रमांकाचा गुण होय. ज्याला अर्थ नाही त्यात दुरुस्ती करण्याचे कारण कधी उद्भवत नाही. सभासदाच्या बाबतीतही तेच. भागधारणेचा क्रमांक वारसाच्या नावे होताना बदलतो; नावात कधी वडिलांचे नाव येते, कधी गाळले जाते; 'आधार' क्रमांक अनन्य असला तरी तो प्रत्येक पावतीवर व प्रत्येक सारणीत फिरविणे म्हणजे एका खासगी गोष्टीच्या शेकडो प्रती करणे होय. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत झाल्यानंतर तर ही गोष्ट केवळ औचित्याची उरलेली नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते, कारण आमचे विद्यार्थी या ठिकाणी हमखास चुकतात. स्वतःचा क्रमांक दिला म्हणजे ओळखीचा प्रश्न सुटला, असे त्यांस वाटते. वस्तुतः तो केवळ झाकला जातो. एकाच शेताची आज एकाने व उद्या दुसऱ्याने नोंद केली, तर यंत्र निमूटपणे दोन निरनिराळे क्रमांक देईल आणि कागदावर एका शेताची दोन शेते होतील. म्हणून कृत्रिम क्रमांकाबरोबरच गाव, गट व पोटहिस्सा यांच्या जोडीवर अनन्यतेचे बंधन घालावेच लागते. क्रमांक स्थैर्यासाठी, बंधन सत्यासाठी. अर्थात या बंधनाची सत्ता आपल्या डेटाबेसपुरतीच चालते. नदीकाठच्या गावातील शेतकरी एकच उभा ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवितो तेव्हा कोणत्याही एका कारखान्याच्या डेटाबेसला त्याचा सुगावा लागणे शक्य नाही. आणि ज्या प्रदेशात तोड वेळेवर मिळेल याची शाश्वती नसते, तेथे त्या शेतकऱ्यास दोषही देता येत नाही.

यानंतर क्षेत्राचा विचार करू. हा विषय क्षुल्लक वाटतो. माझ्या मते तो सर्वांत बोधप्रद आहे. समजा, नोंदीत क्षेत्राच्या स्तंभात १.२० असे लिहिले आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर या मापाने असते, तेव्हा याचा अर्थ एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकरांना जेमतेम दीड गुंठा कमी. परंतु शेतकरी व शेतकी विभागाचा क्षेत्रीय कर्मचारी दोघेही एकर-गुंठ्यांत बोलतात. त्यांच्या दृष्टीने १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, अर्थात दीड एकर. संगणकाला यांपैकी काहीच ठाऊक नसते. स्तंभाचे नाव 'एकर' असेल तर तो त्याला दशांश अपूर्णांक समजतो, म्हणजे अठ्ठेचाळीस गुंठे. एकाच लेखनाचे हे तीन अर्थ आहेत, आणि पहिल्या व दुसऱ्या अर्थांत जवळजवळ दुपटीचे अंतर आहे. एकरी चाळीस टन उतारा धरला तर एका वाचनाने साठ टन ऊस अपेक्षित होतो व दुसऱ्याने सुमारे एकशे वीस टन. अशा चारशे नोंदी असल्या तर तोडणीच्या टोळ्या व वाहने यांचे सगळे गणित कोसळते. बेरीज केली तर आणखी गंमत होते. एक एकर तीस गुंठ्यांची दोन शेते मिळून तीन एकर वीस गुंठे होतात, यंत्र १.३० अधिक १.३० बरोबर २.६० असे उत्तर देते, आणि ते उत्तर इतके निरुपद्रवी दिसते की कोणाचे लक्षही जात नाही.

यावर उपाय सोपा आहे. क्षेत्र एकाच लहान मापात, म्हणजे चौरस मीटरांत, पूर्णांकाने साठवावे आणि कागदावर जे मूळ लेखन होते ते मापासह निराळ्या स्तंभात जसेच्या तसे ठेवावे. पहिला स्तंभ हिशेबासाठी व दुसरा वादाच्या प्रसंगासाठी. पडद्यावर दाखविताना मात्र 'दीड एकर' असे, शेतकऱ्याच्या भाषेत दाखवावे. साठविण्याचे माप व दाखविण्याचे माप एकच असले पाहिजे, हा आग्रह अनाठायी आहे.

शेत, सभासद आणि नोंद या तीन गोष्टी एकमेकींहून निराळ्या आहेत, हे आता स्पष्ट झाले असेल. त्यांच्या संबंधांत मात्र काही गुंतागुंत आहे. एका गटाला अनेक खातेदार असतात, एका खातेदाराचे अनेक गट असतात. आणि ज्याच्या नावे उतारा आहे तोच जमीन कसतो असेही नाही. भाऊबंदकीत जमीन तोंडी वाटून घेतलेली असते, पण फेरफार झालेला नसतो. उतारा हा हक्काचा पुरावा, नोंद हा पिकाचा पुरावा. दोहोंना एक समजून सारणी केली, तर पैसे उताऱ्यावर पहिले नाव असणाऱ्याकडे जातील आणि ऊस लावणारा रिकाम्या हाताने परतेल. म्हणून शेत व खातेदार यांना जोडणारी एक सारणी आणि शेत व ऊस देणारा यांना जोडणारी दुसरी, अशा दोन स्वतंत्र सारण्या असाव्यात. जुन्या पद्धतीच्या कोणत्याही नोंदपुस्तकातील 'शेरा' हा स्तंभ मुद्दाम वाचून पाहावा. 'धाकट्या भावाचा ऊस', 'वाट्याने दिले', 'निम्मे बिल बहिणीस' असे मजकूर त्या स्तंभात दिसतात. रचनेने ज्या सत्याला जागा दिली नाही, ते तेथे आश्रयाला आलेले असते. नवी रचना करणाऱ्याने सर्वप्रथम हा स्तंभ वाचावा, असे मी म्हणेन.

नोंद ही शेताचा गुणधर्म नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वहंगामी, डिसेंबरनंतर सुरू, अशा लागणी होतात. को ८६०३२ किंवा पाडेगावच्या संशोधन केंद्राची कोएम ०२६५ यांसारख्या जातींप्रमाणे पक्वतेचा काळही बदलतो. लागणीचा ऊस तुटल्यावर त्याच शेतात खोडवा राहतो, आणि खोडव्याची 'लागणीची तारीख' म्हणजे आधीच्या तोडणीची तारीख होय. शेताच्या ओळीत लागणीची तारीख ठेवली, तर खोडवा नोंदविताना जुनी तारीख पुसावी लागते. पुसली की गेल्या हंगामात हा ऊस चौदाव्या महिन्यात तुटला की अठराव्या, हे सांगण्याचे साधन उरत नाही. प्रत्येक शेताची प्रत्येक पिकासाठी स्वतंत्र नोंद असावी, तिला लागण की खोडवा हे विशेषण असावे, आणि खोडव्याच्या नोंदीने आपल्या पूर्वीच्या नोंदीचा क्रमांक धारण करावा. तोडणीचा कार्यक्रम या नोंदींवरून तारखेच्या क्रमाने लावला, म्हणजे कोणाचा ऊस क्रम सोडून आधी तुटला याचेही उत्तर त्याच ठिकाणी सापडते. या शेवटच्या सोयीमुळे अशी रचना सर्वांनाच प्रिय होईल असे नाही.

वजन व बिल यांच्या बाबतीत आपल्याकडील जुन्या हिशेबपद्धतीचे स्मरण उपयोगी पडेल. व्यापारी दोन वह्या ठेवीत असे. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहावयाचे आणि खतावणीत ते खात्यांप्रमाणे लावावयाचे. खतावणी हरवली तर रोजकीर्दीवरून पुन्हा तयार करता येते. उलट करता येत नाही. वजनकाट्यावरील पावत्या ही कारखान्याची रोजकीर्द आहे. भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्या वाहनाचे वजन, वेळ, वाहन, टोळी व नोंदीचा क्रमांक हे एकदा लिहिले की ते पुसण्याचा अधिकार कोणासही असू नये. चूक झाली तर उलट नोंद करून नवी पावती लिहावी, व दोन्ही कायम ठेवाव्यात. सभासदाचा एकूण ऊस, आजवरची रक्कम, शिल्लक ही सर्व खतावणी होय. ती पावत्यांवरून केव्हाही काढता यावी. सोयीसाठी ती साठविली तरी तिला मूळ पुराव्याची प्रतिष्ठा देऊ नये.

दराचे तसे नाही. दर हा पावतीवरून काढता येत नाही; तो बाहेरून येतो आणि बदलतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३४० रुपये होता, व त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.३२ रुपये अधिक. उतारा मागील हंगामाचा धरावयाचा की चालू हंगामाचा, रक्कम एकदम द्यावयाची की हप्त्यांनी, यांविषयी राज्यात मोठा वाद झाला. फेब्रुवारी २०२२ च्या शासननिर्णयाने दोन टप्प्यांची रीत आली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. ज्या कारखान्याच्या कार्यक्रमात 'एका पावतीस एक दर व एक रक्कम' हे गृहीत धरलेले असेल, त्याला अशा प्रत्येक वळणावर रचनाच बदलावी लागते. दराची स्वतंत्र सारणी असावी, तीत तो कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत लागू हे असावे, आणि एका पावतीस कितीही हप्ते जोडता यावेत. बिलावर मात्र त्या वेळी प्रत्यक्ष लावलेला दर लिहून ठेवावा. ही पुनरुक्ती दिसते, पण ती पुनरुक्ती नव्हे. 'दर काय होता' आणि 'आम्ही काय दर लावला' ही दोन निराळी विधाने आहेत.

बिलातून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होतो, गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे पीककर्ज वळते होते आणि उरलेली रक्कम बँकेत जमा होते. या तीन-चार लेखनकृती मिळून एक व्यवहार होय. कर्जाची कपात लिहिली गेली आणि सोसायटीच्या खात्यात जमा लिहिण्यापूर्वी वीज गेली, असे समजा. शेतकऱ्याचे पैसे कापले गेले, पण कर्ज फिटले नाही. त्यावर व्याज मात्र चालूच राहिले. डेटाबेसच्या व्यवस्थेने सर्व कृती पूर्ण कराव्यात किंवा एकही करू नये, असे जे बंधन शास्त्राने घातले आहे त्याचे मर्म या उदाहरणात आहे. ते बंधन विकत घेतलेल्या कार्यक्रमात बहुधा असतेच. परंतु कोणत्या कृती मिळून एक व्यवहार होतो, हे सांगण्याचे काम रचनाकाराचे आहे, आणि तेथे तो चुकला तर यंत्र त्याला वाचवू शकत नाही.

व्यवस्थापनाविषयी थोडक्यात सांगतो. हंगामात काटा रात्रंदिवस चालतो, त्यामुळे मुख्य यंत्राशी संबंध तुटला तरी काट्यावर पावती निघत राहिली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक काट्यास पावतीक्रमांकांची स्वतंत्र मालिका द्यावी, म्हणजे पुढे दोन्ही एकत्र करताना क्रमांकांची टक्कर होत नाही. काट्यावरील लेखनिकास सभासदाचे बँकखाते बदलता येऊ नये, आणि खाते बदलणाऱ्यास वजन लिहिता येऊ नये. राखीव प्रत रोज घ्यावी, हे सर्वजण सांगतात. ती प्रत उघडून तिच्यावरून एका दिवसाची बिले पुन्हा काढून पाहावीत, हे फार थोडे सांगतात. ही परीक्षा ऑक्टोबरच्या आत, म्हणजे गाळप सुरू होण्यापूर्वी व्हावी. वेगाचा प्रश्न या आकाराच्या कामात सहसा उद्भवत नाही.

शेवटचा मुद्दा नोंद कोणाच्या हाती असते, हा. या प्रदेशाला त्याचा जुना अनुभव आहे. शिरूर तालुक्यातील कर्डे येथे १८७४ मध्ये सावकारांवर बहिष्कार पडला आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात, बाजाराच्या दिवशी दंगा उसळला. आजचे सुपे बारामती तालुक्यात आहे. दौंडचा प्रदेशही तेव्हा भीमथडीतच मोडत असे. त्यानंतर पसरलेल्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः सावकारांकडील खतांवर व हिशेबाच्या कागदांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. त्यामागील कारणांचा येथे सविस्तर ऊहापोह करता येणार नाही, परंतु त्यांपैकी एक आपल्या विषयाशी निगडित आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांची ठरविली. ती संपत आली की जुने खत मागे पडे व नवे लिहून घेतले जाई, आणि साचलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसे. मूळ रक्कम किती व व्याज किती, हे नव्या कागदावरून कळत नसे. जुन्या मूल्यावर नवे मूल्य लिहिण्याचा दोष आपण वर लागणीच्या तारखेच्या संदर्भात पाहिला. त्याचेच हे अधिक दारुण रूप होय. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यात खते ग्रामनिबंधकासमक्ष लिहिली जावीत, भरणा केल्यावर कुळास पावती मिळावी, वर्षाचा हिशेब लेखी मिळावा व मागितल्यास पासबुक द्यावे, अशा तरतुदी होत्या. कायद्याच्या एकंदर यशापयशाविषयी मतभेद आहेत. तथापि ज्याच्याविषयी नोंद आहे त्याच्या हाती तिची एक प्रत असली पाहिजे, हे तत्त्व त्याने मान्य केले.

ऊसनोंदीच्या डेटाबेसमध्ये या तत्त्वाला कोठे स्थान द्यावयाचे, हा रचनेचाच प्रश्न आहे. तो प्रसिद्धीखात्यावर सोपवून चालणार नाही. नोंद झाल्याबरोबर शेतकऱ्यास भ्रमणध्वनीवर जो संदेश जातो त्यात बहुधा नोंदक्रमांक व आभार एवढेच असते. त्यात गावाचे पूर्ण नाव, गट व पोटहिस्सा, एकर-गुंठे असे शब्दांत लिहिलेले क्षेत्र, जात, लागण की खोडवा, लागणीची तारीख आणि पैसे ज्या खात्यात जमा होणार त्याचे शेवटचे चार अंक असावेत. हरकत घेण्याची शेवटची तारीख तोडणीचा कार्यक्रम लागण्यापूर्वीची असावी. आलेली हरकत 'शेरा' या स्तंभात न टाकता तिची स्वतंत्र सारणी करावी. तीत हरकतीचा दिवस, ती कोणी तपासली, आधीचे मूल्य काय होते व नंतरचे काय झाले, हे चारही स्तंभ रिकामे ठेवण्याची मुभा असू नये.